श्रावणात निघालेली दिवाळी

पहाटे ५.३०

उठल्यावर आधी हवा बघते, मग जहाज. श्रावणातला सोमवार, रात्रभर पाऊस झालाय, आणि डोंबिवलीत या दिवसांत पहाटेची आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असतेच. आज चकली, चिवडा, शेव, शंकरपाळे कंटेनरमध्ये भरायचे आहेत. ज्याची सगळी किंमत कुरकुरीतपणात असा माल, आणि तो भरायचा वर्षातल्या सगळ्यांत दमट महिन्यात. पाऊस कुठल्या तासाला उघडीप देईल याचा अंदाज मला चहाच्या आधी लागतो.

न्हावा शेव्याहून न्यू जर्सीला जाणाऱ्या जहाजावर आमच्या चाळीस फुटी कंटेनरची जागा धरलेली आहे. जहाज धक्क्याला कधी लागतंय आणि त्याआधी बंदराचं दार आमच्यासाठी कधी बंद होतंय, या वेळा रात्रीतून बदलू शकतात. दार बंद होण्याच्या वेळेला कटऑफ म्हणतात. तो हुकला की कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जातो आणि आठवडा हातचा जातो. आज वेळ कायम आहे, उद्या सकाळी आठ. म्हणजे गाडी आज रात्रीच बंदरात शिरायला हवी.

दिवाळीचा माल श्रावणात का निघतो, हे नवीन माणसाला सांगावं लागतं. लाल समुद्रात नोव्हेंबर २०२३ पासून व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले. बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सुएझ कालव्याची वाट सोडली आणि आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जहाजं नेली. त्या वळशात दहा ते चौदा दिवस वाढतात. तेव्हापासून आम्ही वेळापत्रक केपचा हिशोब धरूनच आखतो, म्हणजे पाण्यावर चाळीसेक दिवस. पुढे तिकडचं कस्टम, तिकडची अन्न-औषध यंत्रणा एफडीए, गोदाम, दुकान. दुकानदाराला फराळ नवरात्रात फळीवर हवा असतो. तिथून मागे मोजत आलं की कॅलेंडरवरचं बोट श्रावणाच्या पहिल्या पंधरवड्यावर येऊन थांबतं.

आमच्या चकलीची मुदत सहा महिने. त्यातले दोन महिने प्रवासातच जाणार, त्याला माझा इलाज नाही. पण माल तळल्यापासून कंटेनरचं दार लागेपर्यंतचे दिवस आपल्या हातातले आहेत. ते वाचवायचे, एवढंच माझं काम. मी ज्या पेढीत आहे ती ठाणे जिल्ह्यातल्या लहान उत्पादकांचा माल एकत्र करून परदेशी पाठवते. कारखानदार तळतो, आयातदार विकतो. मधले दिवस सांभाळणं आमच्याकडे.

सकाळी ७.००

कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या गाळ्यात चकलीची शेवटची बॅच पाकिटांत जातेय. पावसाळ्यात इथली खरी कसोटी तळणीत नसते, ती तळण झाल्यानंतरच्या थोड्या वेळात असते. चकली गरम असताना पाकिटात घातली तर आत वाफ धरते आणि ती मऊ पडते. नीट निवायला जास्त वेळ बाहेर ठेवली तर हवेतला ओलावा पिते. उन्हाळ्यात या दोन्हींच्या मध्ये सवड असते, श्रावणात ती अगदी थोडी उरते. म्हणून पॅकिंगच्या खोलीत हवेतला ओलावा खेचणारी यंत्रं दिवसरात्र चालू असतात आणि दार विनाकारण उघडलं तर सगळ्यांच्या माना वळतात.

पाकिटातली हवा काढून नायट्रोजन भरतात. लोकांना वाटतं की पाकीट फुगलेलं दिसावं म्हणून ही युक्ती. चकली मोडू नये हा तिचा एक उपयोग खराच. पण मुख्य कारण असं की तेलाला खवट करतो तो ऑक्सिजन. आतून चंदेरी दिसणारी फिल्मही त्याचसाठी असते. उजेड, ओलावा आणि हवा तिघांनाही ती अडवते. फिल्म कितीही चांगली असली तरी पाकीट टिकतं ते सीलवर. म्हणून इथे दर अर्ध्या तासाला चालत्या कामातून काही पाकिटं उचलतात, पाण्याने भरलेल्या पारदर्शक पेटीत बुडवतात, झाकण लावतात आणि वरची हवा खेचतात. पाकीट आत टम्म फुगतं. सील पक्कं असेल तर पाणी स्थिर राहतं.

आज एका पाकिटाच्या कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली.

"तीळ अडकला असणार, ताई," पॅकिंगवरच्या मावशी म्हणाल्या. पाकीट पुसून त्यांनी उजेडाकडे धरलं. सीलच्या पट्टीत खरंच एक तीळ चेपून बसला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना केसाएवढी फट. एवढ्या फटीतून चाळीस दिवसांत काय काय आत जाईल ते मावशींना सांगावं लागत नाही. मागची चाचणी बरोबर निघाली होती तिथपासूनचे सगळे खोके त्यांनी मला न विचारता बाजूला काढायला लावले. ती पाकिटं फोडून माल वेगळा होईल, निर्यातीला जाणार नाही. नुकसान आहेच. पण हा निर्णय मालकाची वाट न बघता पॅकिंगवरच्या बाईला घेता येतो, म्हणूनच या गाळ्याचा माल मी डोळे मिटून घेते.

प्रत्येक बॅचची काही पाकिटं इथे कपाटात राखून ठेवतात, मुदत संपेपर्यंत. तिकडून तक्रार आली की त्याच बॅचचं पाकीट इकडे फोडायचं आणि चव घ्यायची. माल इथून निघतानाच बिघडलेला होता की वाटेत बिघडला, हे त्यावरून कळतं.

सकाळी ८.३०

मोठागाव-माणकोली पूल २०२४ च्या मे महिन्यात हलक्या गाड्यांना खुला झाला तेव्हापासून डोंबिवलीतून भिवंडीच्या गोदामांकडे जाणं सोपं झालं. आधी कल्याणला जाऊन दुर्गाडीच्या पुलावरून, कोनवरून वळसा पडायचा. खाली उल्हासची खाडी पावसाच्या पाण्याने गढूळ आणि तुडुंब.

या खाडीने परदेशी व्यापार आजच पाहिलेला नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचं नाव कॅलिएना म्हणून येतं. आधीच्या राजाच्या काळात ही रीतसर बाजारपेठ होती, पण सँडरेस नावाच्या राजाकडे ती गेल्यावर व्यापाराला अडथळे आले, आणि इथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असं त्यात म्हटलंय. इजिप्तहून भारताकडे निघायचं तर जुलैमध्ये निघा, म्हणजे नैऋत्येचा वारा मिळेल, हा सल्लाही त्याच ग्रंथात आहे. पुढे १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि मराठा आरमाराची जहाजबांधणी याच खाडीवर सुरू झाली. वारा, राजवट आणि वाटेतली अडवणूक बघून माल पाठवणं या भागाच्या अंगवळणी पडलेलं आहे. एक गोष्ट मात्र बदलली. शिडांच्या काळात आपल्या किनाऱ्यावरची जहाजं पावसाळ्यात ओढून ठेवत, आणि अनेक कोळी बांधव आजही नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होड्या समुद्रात घालत नाहीत. कंटेनरची जहाजं त्या पौर्णिमेसाठी थांबत नाहीत. म्हणून आमची दिवाळी ऐन उधाणात समुद्रावर असते.

सकाळी ९.१५

माणकोलीच्या गोदामात रिकामा कंटेनर आला. माल आत घालण्याआधी रिकामा कंटेनर तपासणं हे मला या धंद्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम वाटतं, आणि घाईत सगळ्यांत आधी तेच गाळलं जातं.

मी आणि मुकादम आत जातो आणि बाहेरून दोन्ही दारं लावून घ्यायला सांगतो. काळोख होतो. डोळे सरावले की छत, भिंती, कोपरे आणि दाराच्या रबराची कड बघायची. कुठे उजेडाचा ठिपका दिसला की तिथून पाणी येणार. आज छत कोरडं होतं, एकही ठिपका नव्हता. पण दार लागल्यावर दुसऱ्याच मिनिटाला मुकादमांनी नाक वर केलं.

"वास येतोय."

येत होता. औषधी, झोंबणारा, लाकडी तळातून वर येणारा. आधीच्या खेपेत यात काय गेलं होतं देव जाणे. तळ धुतलेला होता, पण लाकडात मुरलेलं धुण्याने जात नाही, आणि बंद पत्र्यात उन्हाने तापलं की तोच वास खोक्यात आणि खोक्यातून मालात उतरतो. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, दोन तास दार उघडं ठेवा, जाईल वास." त्याचं चुकलं नाही, त्याची फेरी वाया जात होती. तरी कंटेनर परत पाठवला. फोटो काढले, कंटेनरवरची चार अक्षरं आणि सात आकडे लिहून घेतले, जहाजावर जागा धरून देणाऱ्या फॉरवर्डरला कळवलं की खाद्यपदार्थांना चालेल असाच डबा द्या. यार्डाकडून असा डबा यायलाच नको होता. बुकिंगवर 'खाद्यमाल' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. पण भांडत बसण्यात आजचे तास जाणार होते, म्हणून भांडण उद्यावर टाकलं आणि दुसरा डबा मागवला.

सकाळी १०.३०

तो येईपर्यंत कागद.

निर्यातीचे कागद म्हणजे नुसते शिक्के, असा एक समज आहे. तो मला पटत नाही. दर कागद मालाबद्दल काही तरी विचारत असतो, आणि बहुतेक प्रश्न रास्त असतात. शिपिंग बिलात, म्हणजे कस्टमला द्यायच्या निर्यातीच्या कागदात, प्रत्येक जिन्नस आपल्या एचएस कोडखाली, म्हणजे वर्गीकरणाच्या आकड्याखाली जातो. पापड १९०५ मध्ये, मिश्र मसाले ०९१० मध्ये, नमकीन २१०६ मध्ये. मसाल्यासाठी स्पायसेस बोर्डाची नोंदणी लागते. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइडच्या कारणाने हरकत घेतली, तेव्हापासून आमचे सगळेच आयातदार प्रयोगशाळेचा अहवाल आधी मागतात, मग दर विचारतात. शेंगदाणा असलेल्या चिवड्याला अफ्लाटॉक्सिनची चाचणी. अमेरिकेत एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा अब्जाला वीस भाग, युरोपात थेट खायच्या शेंगदाण्याला चार. एकाच शेंगदाण्याचा चिवडा न्यू जर्सीला चालतो आणि रॉटरडॅमला अडतो, तो यामुळे.

सगळ्यांत जास्त वेळ मी लेबलवर घालवते. २०२३ च्या १ जानेवारीपासून अमेरिकेत तीळ हा नववा मुख्य अ‍ॅलर्जन झाला. दूध, अंडी, मासे, कवचाचे जलचर, झाडावरचे सुके मेवे, शेंगदाणे, गहू आणि सोया हे आधीचे आठ. आपल्या फराळात तीळ किती ठिकाणी असतो! चकलीत, चिवड्यात, कडबोळ्यात. आणि गहू तर जिथे मनातही येत नाही तिथे असतो. बाजारातला बांधानी हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुधा गव्हाचं पीठ असतं. अशा चिमूटभर हिंगाची फोडणी दिलेल्या चिवड्याच्या पाकिटावर गहू लिहावाच लागतो. लहान उत्पादकाला हे सांगितलं की तो म्हणतो, "ताई, चिवड्यात गहू कुठून आला?" मग हिंगाची डबी उलटी करून घटक वाचायला लावते.

आज एका पुरवठादाराच्या पोहे चिवड्याचं एक पाकीट मी रोजच्या सवयीने फोडून बघितलं. चिवड्यात भाजलेला तीळ. लेबलवर तीळ नाही. फोन केला. त्यांनी गिऱ्हाइकाच्या आवडीसाठी गेल्या महिन्यात कृती बदलली, फिल्मचा रोल मात्र जुनाच वापरला. माणूस प्रामाणिक आहे, चिवडा उत्तम आहे. पण ज्या मुलाला तिळाची अ‍ॅलर्जी आहे त्याची आई तिथे उभी राहून लेबलच वाचणार, आणि त्यावर विश्वास ठेवणार. ती बॅच मी कंटेनरमधून काढली. पुरवठादाराने जागेचं भाडं वाया जाईल, तिथे पोचल्यावर चिकटपट्टी लावता येईल, असं खूप समजावलं. मी म्हटलं, पट्टी लावायची तर इथे, बॅच बघून, खोका बघून. आज वेळ नाही. पुढच्या खेपेला जाईल. अमेरिकेत खाद्यपदार्थ बाजारातून परत मागवले जातात त्यामागे लेबलवर न सांगितलेला अ‍ॅलर्जन हे नेहमी येणारं कारण आहे. एका लहान उत्पादकाचं तिथलं नाव अशा एका खेपेत कायमचं पुसलं जाऊ शकतं.

मग इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि चेकलिस्ट तिन्हींतले आकडे बदलले, आणि सीएचएकडच्या, म्हणजे कस्टमच्या दलालाकडच्या मुलाला फोन करून सांगितलं, आता फाइल कर. शिपिंग बिल नंबर अर्ध्या तासात आला.

दुपारी १२.१५

दुसरा डबा आला. काळोख, छत, कोपरे, वास. स्वच्छ.

पाऊस थांबलेला होता, पण हवा ओली. गोदामाच्या दारापासून कंटेनरच्या दारापर्यंत ताडपत्रीचा बोगदा बांधला आणि भरणी सुरू झाली. भिंतींना आणि छताखाली क्राफ्ट कागद, वरच्या कड्यांना कॅल्शियम क्लोराइडच्या लांब पिशव्या. हा कंटेनर विषुववृत्त दोनदा ओलांडणार आहे. इथून दमट उष्णता भरून निघेल, ऑगस्टमध्ये आफ्रिकेच्या टोकाला थंडी असेल, मग पुन्हा उष्ण कटिबंध, मग अमेरिकेतला शरद ऋतू. पत्रा थंड झाला की आतल्या हवेतली वाफ छताला चिकटते आणि थेंब थेंब खोक्यांवर पडते. त्या पिशव्या हा ओलावा पिऊन घेतात. तिकडे दार उघडतात तेव्हा त्या पाण्याने जड झालेल्या असतात. तेवढं पाणी खोक्यांना लागलं नाही, असं समजायचं.

पॅलेटवर रचलं तर तिकडे उतरवायला सोपं जातं, पण पॅलेटला जागा लागते. फराळाचा कंटेनर वजनाने भरत नाही, जागेने भरतो. चिवड्याच्या पाकिटात अर्धी जागा वायूचीच असते. म्हणून आम्ही मोकळे खोके रचतो. खाली मसाले, गोडा मसाला, मेतकूट, पापड. वर शंकरपाळे आणि चकली. सगळ्यांत वर शेव-चिवडा. लोणची यात कधीच घालत नाही. बरणी फुटली तर तेल तळापर्यंत जातं. शिवाय अमेरिकेत आम्लवलेल्या पदार्थांसाठी प्रक्रियेची वेगळी नोंद करावी लागते. बेसनाचे लाडूही समुद्राने पाठवत नाही, त्यांचं आयुष्य लहान. ते विमानाचे गिऱ्हाईक.

दाराजवळच्या शेवटच्या रांगेत मुकादम न सांगता प्रत्येक जिन्नसाचा एकेक खोका ठेवतात. तिकडच्या अधिकाऱ्याला नमुना हवा असेल तर दारातच मिळतो, सगळा कंटेनर रिकामा करावा लागत नाही. दाराला लावायच्या लाकडी अडसरावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का आहे का, तेही तेच बघतात. लाकूड ५६ अंशांवर तीस मिनिटं तापवलं आहे, त्यात कीड नाही, याची ती खूण. बिनशिक्क्याच्या एका फळीसाठी अख्खा कंटेनर परत फिरवल्याचे किस्से या धंद्यात सगळ्यांनी ऐकलेले आहेत.

चिवडा काढल्याने वर जागा मोकळी राहिली. तिथे हवेच्या पिशव्या फुगवून बसवल्या, खोके हलू नयेत म्हणून.

दुपारी २.३०

जेवण. मुकादमांचा आणि अर्ध्या माणसांचा सोमवार, त्यांची साबुदाण्याची खिचडी. माझ्या डब्यातली पोळीभाजी.

दुपारी ३.१०

दार लावलं, बोल्ट सील आणि इलेक्ट्रॉनिक सील घातलं, सीलचा नंबर शिपिंग बिलाशी जोडला. गाडी काट्यावर. २०१६ च्या १ जुलैपासून कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो कुठल्याही जहाजावर चढत नाही. पूर्वी अंदाजाने वजनं सांगायचे, जड कंटेनर वर आणि हलके खाली रचले जायचे, आणि ते खलाशांच्या जिवावर बेतायचं. हा नियम मला मनापासून आवडतो.

ठाण्यातून अवजड गाड्या ठरावीक वेळांतच सोडतात. खारेगाव, मुंब्रा बायपास, शीळफाटा, मग कळंबोलीकडून बंदराचा रस्ता. ड्रायव्हर मामांना सांगितलं, थांबायचं तर भर वस्तीच्या जागी थांबा, सीलचा फोटो दर थांब्यावर पाठवा.

दुपारी ४.४५

वागळे इस्टेट, ऑफिस. मुरबाडहून बचत गटाच्या पाच जणी आल्या होत्या. नाचणीचे पापड. लिज्जतचं नाव या सगळ्यांच्या तोंडी असतं. १९५९ मध्ये गिरगावातल्या सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम कुठे गेलं, हे प्रत्येक गटाला पाठ आहे. त्यांना थेट अमेरिकेला पाठवायचं होतं.

पापड सुंदर होते. पातळ, एकसारखे, तळल्यावर दुप्पट होणारे. मी त्यांना वाळवणाचे फोटो दाखवायला सांगितले. अंगणात, साडीवर. पुढचा तास आम्ही त्या एका फोटोवर बोललो.

अंगणातलं वाळवण घरच्यासाठी चांगलं. परदेशी पाठवायचं तर धूळ, माशी, पाखराचं पीस यातलं एकही चालत नाही, आणि दर पापडातला ओलावा सारखा लागतो. कमी वाळलेला एक पापड बंद पाकिटात बुरशी धरतो आणि शेजारच्या सगळ्यांना देतो. म्हणून आधी जाळीबंद सौर वाळवणी घ्या. पापडखाराचं रासायनिक नाव घटकांत लिहा. चौदा आकडी फूड लायसन्स नंबर पाकिटावर हवाच. अमेरिकेच्या एफडीएकडे जागेची नोंदणी करायची तर तिला फी नाही. कुणी हजारो रुपये मागितले तर ते त्याच्या मेहनतीचे असतील, सरकारचे नाहीत. आणि ती नोंदणी दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरात नव्याने करावी लागते, नाही केली तर ती रद्द होते.

"मग आम्ही कधी पाठवायचं, मॅडम?" त्यांच्यातल्या थोरल्या मावशींनी विचारलं.

मी त्यांना दुबईपासून सुरुवात करा म्हटलं, आणि हे माझं ठाम मत आहे. न्हावा शेव्याहून दुबईचं जेबेल अली बंदर चार-पाच दिवसांवर. माल बिघडला तर लवकर कळतं, सुधारून पुढची खेप महिन्यात पाठवता येते. लेबल अरबीत लागतं, तारखा पाकिटावरच छापलेल्या लागतात, तेवढं आम्ही करून देऊ. अमेरिकेच्या पहिल्या खेपेत काय चुकलं हे कळायला अडीच महिने लागतात, आणि तोवर गटाचं सगळं भांडवल समुद्रावर असतं. एवढी जोखीम त्यांनी घ्यावी असं मला वाटत नाही. मावशी थोड्या हिरमुसल्या. पण जाताना त्यांनी वाळवणीच्या जाळीची मापं लिहून नेली.

संध्याकाळी ६.३०

बिल ऑफ लेडिंगचा मसुदा, उत्पत्तीचं प्रमाणपत्र, अहवालांच्या प्रती. अमेरिकेच्या कस्टमला जहाजावर माल चढण्याच्या चोवीस तास आधी आयातदाराने काही माहिती कळवावी लागते, त्यात कंटेनर कुठे भरला तो पत्ताही असतो. म्हणजे माणकोलीच्या गोदामाचा पत्ता आज रात्री तिकडच्या यंत्रणेत जाईल. चिवडा काढल्यावर बदललेले आकडे इथे पुन्हा तपासले. एफडीएला आगाऊ सूचना मात्र जहाज पोचण्याच्या किमान आठ तास आधी गेली तरी चालते, ती पुढच्या महिन्याची.

रात्री ८.३०

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये सकाळचे अकरा. आयातदार मूळचे डोंबिवलीचेच, फडके रोडची दिवाळी पहाट अजून विसरलेले नाहीत. चिवडा येत नाही म्हटल्यावर क्षणभर गप्प झाले, कारण त्यांनी दोन मंडळांना शब्द दिला होता. तिळाचं सांगितल्यावर म्हणाले, "बरं केलंत."

त्यांच्याकडे मागणी वाढलीय त्याला एक कारण आहे. पूर्वी इथली आई मुलीला फराळाचं पार्सल थेट पाठवायची. २०२५ च्या २९ ऑगस्टपासून अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढून घेतली, आणि त्याच आठवड्यात भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं. त्या दिवाळीला कित्येक घरी आईच्या हातचं पोचलं नाही. कंटेनरमधला फराळ आईच्या हातचा नसतो, पण तो त्याच गावचा असतो, त्याच भाजणीचा. आयात कराच्या दरावर राज्यकर्ते जे ठरवतील ते आम्हाला भोगावं लागतं. त्या दराचा बोजा दुकानदार, आयातदार आणि आम्ही कसा वाटून घ्यायचा, यावर आजही अर्धा तास गेला. निकाल लागला नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा बोलायचं ठरलं.

रात्री १०.५०

कंटेनर बंदराच्या दारातून आत गेला, तसा संदेश आला. आता उरलं कस्टमचं निर्यात करू देण्याचं फर्मान, लेट एक्सपोर्ट ऑर्डर. ते सकाळी येईल, तोवर काही करण्यासारखं नाही.

वहीत नोंद केली: सगळ्यांत जुनी बॅच कुठली, तळल्यापासून दार लागेपर्यंत किती दिवस गेले. मागच्या खेपेपेक्षा दोन दिवस कमी. चिवड्याच्या पुरवठादाराला नव्या लेबलाचा मजकूर पाठवला, तीळ ठळक अक्षरात. परत पाठवलेल्या डब्याच्या तक्रारीचं पत्र अर्धं लिहून ठेवलं. उद्या शेवेचं तळण आहे. सकाळी सातला पाऊस असला तर ते दुपारवर ढकलायचं, तसं गाळ्यावर कळवून टाकलं.